लोखंड, चुंबकत्व, सुपरकंडक्टिव्हिटी आणि दाब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न इतक्या वेळा आलेत की आता एका जागी लिहूनच टाकतो. क्रम असा काही नाही, जे जास्त विचारलं जातं त्यावर जास्त लिहिलंय, मध्येमध्ये माझं मत घुसलंय तेही तसंच राहू दिलंय. सुपरकंडक्टिव्हिटी म्हणजे पदार्थ पुरेसा थंड केला की विजेला होणारा अडथळा, म्हणजे रेझिस्टन्स, साफ नाहीसा होणं. टीसी म्हणजे ज्या तापमानाला रेझिस्टन्स शून्य होतो ते तापमान, केल्विनमध्ये.

लोखंड म्हणजे चुंबक आणि चुंबक म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटीचा वैरी, मग लोखंडाच्या पदार्थांत हे आलंच कुठून?

शंका रास्त आहे, आणि २००८ पर्यंत जवळपास सगळे असंच धरून चालले होते. साध्या सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात आणि जोडीतल्या दोघांचे स्पिन (प्रत्येक इलेक्ट्रॉनचा जणू स्वतःचा इवलासा चुंबक) एकमेकांच्या उलट असतात. शेजारी एखादा चुंबकी अणू आणून बसवला की तो दोघांना एकाच दिशेला वळवायला बघतो आणि जोडी तुटते. लॅन्थेनममध्ये एखाद टक्का गॅडोलिनियम मिसळलं तरी टीसी धाडकन खाली येतो हे १९५८ पासून माहीत आहे. त्यामुळे नवीन सुपरकंडक्टर शोधताना लोखंडाच्या वाटेला जायचं नाही असा अलिखित नियमच होता म्हणा ना.

मग टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हिदेओ होसोनो यांच्या गटाला २००६ मध्ये लॅन्थेनम, लोखंड, फॉस्फरस आणि ऑक्सिजन अशा चौघांच्या पदार्थात ४ केल्विनच्या आसपास टीसी सापडला. ४ केल्विनचं कुणाला काय कौतुक, फारसं कुणी वळून बघितलं नाही. पण २००८ मध्ये त्यांनीच फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक आणि थोड्या ऑक्सिजनच्या जागी फ्लोरिन घालून २६ केल्विन गाठले आणि मग जी पळापळ सुरू झाली, त्याच पदार्थावर ४ गिगापास्कल (दाबाचं माप, म्हणजे किती ते पुढे सांगतो) दाब टाकल्यावर ४३ केल्विन, लॅन्थेनमच्या जागी समेरियम घातल्यावर बीजिंगमध्ये ५५ केल्विन, हे सगळं काही महिन्यांच्या आत. म्हणजे दाब या गोष्टीत सुरुवातीपासून आहे, नंतर कुणी हौसेने आणलेला नाही.

आयर्न-बेस्ड सुपरकंडक्टर म्हणजे नक्की कोणते पदार्थ?

ज्यांच्यात लोखंडाच्या अणूंचा चौकोनी जाळीसारखा थर असतो आणि त्या थराच्या वर एक खाली एक असे आर्सेनिक किंवा सेलेनियमचे अणू बसलेले असतात, ते सगळे. दोन थरांच्या मध्ये काय भरलंय त्यावरून घराणी पडतात आणि फॉर्म्युल्यात कोणते अणू किती त्यावरून त्यांना चक्क आकड्यांनीच हाक मारतात: ११११, १२२, १११, ११. बेरियम आयर्न आर्सेनाइड हा १२२ आणि आयर्न सेलेनाइड हा ११, ज्यात मध्ये काहीच भरलेलं नाही.

याच्यातलं चुंबकत्व फ्रिजला चिकटणाऱ्या चुंबकासारखंच ना?

नाही. बेरियम १२२ चा क्रिस्टल चुंबकाजवळ नेला तर तो काही टुणकन चिकटत नाही. थंड केल्यावर, साधारण १४० केल्विनच्या खाली, लोखंडाचे स्पिन रांगा धरतात, एका रांगेतले सगळे एकाच दिशेला, शेजारची अख्खी रांग उलट दिशेला, तिच्या पलीकडची पुन्हा पहिल्यासारखी. बेरीज शून्य, म्हणून बाहेरून काही कळत नाही, ते कळायला न्यूट्रॉन मारावे लागतात. प्रत्येक अणूचा मोमेंटही, म्हणजे त्याच्या चुंबकाचं बळही, लहान असतो, बेरियम १२२ मध्ये साधारण ०.९ बोर मॅग्नेटॉन (हे बळ मोजायचं एकक), साध्या लोखंडात हाच २.२ असतो.

आणि एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. रांगा धरल्या म्हणजे आडवी दिशा आणि उभी दिशा आता सारखी राहिली नाही, त्यामुळे लोखंडाची चौकोनी जाळीही किंचित लांबट होते, चौरसाचा आयत. काही पदार्थांत हे लांबट होणं चुंबकत्वाच्या थोडं आधीच होतं, या अवस्थेला नेमॅटिक म्हणतात.

मग चुंबकत्व मारलं की सुपरकंडक्टिव्हिटी येते, विषय संपला?

अर्धं बरोबर, आणि या अर्ध्यावरच बरेच जण थांबतात.

दाब वाढवत गेलं की ते १४० केल्विनचं तापमान खाली खाली येतं, आणि ते शून्याकडे झुकायला लागलं की त्याच्या पायाशी टीसीचा घुमट उभा राहतो. ग्राफ बघितला की वाटतं एक गेला म्हणून दुसऱ्याला जागा मिळाली. पण तसंच असतं तर चुंबकत्व पूर्ण संपल्यावर, जितकं लांब जाल तितका टीसी वाढायला हवा. तो वाढत नाही. जिथे चुंबकत्व जेमतेम संपलेलं असतं तिथेच घुमटाचा कळस असतो आणि पुढे टीसीही पडायला लागतो.

कवायतीला उभी केलेली मुलं डोळ्यांसमोर आणा, एक रांग पूर्वेला तोंड करून, दुसरी पश्चिमेला. सगळे ताठ उभे असतील तर मैदानात कुणालाच हलता येत नाही. विश्राम म्हटलं की रांग मोडते, पण लगेच विसरली जात नाही, चार मुलं इथे, सहा तिथे, क्षणभर पुन्हा रांग धरतात आणि सोडतात. या धरण्या-सोडण्याला स्पिन फ्लक्च्युएशन म्हणतात, आणि इलेक्ट्रॉनची जोडी जुळवायचं काम यातूनच होतं असं आज बहुतेकांना पटलंय. मुलं घरी निघून गेली, म्हणजे दाब फार वाढवला, की जोडी जुळवायलाही कुणी उरत नाही. म्हणजे गोठलेलं चुंबकत्व वैरी आणि वळवळणारं चुंबकत्व सोयरा, आणि दोन्ही एकाच घरचे.

यात एक गोम आहे. स्पिनच्या अशा वळवळीने इलेक्ट्रॉनमध्ये खरं तर ओढ नाही, ढकलच निर्माण होते, मग जोडी कशी जमते? २००८ मध्येच भौतिकशास्त्रज्ञ इगोर माझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की या पदार्थांत इलेक्ट्रॉनचे दोन वेगळे गट असतात आणि सुपरकंडक्टिंग गॅपची (जोडी तोडायला लागणाऱ्या ऊर्जेशी जोडलेली राशी) खूण एका गटात अधिक, दुसऱ्यात उणे ठेवली तर तीच ढकल जोडीच्या कामी येते. याला एस-प्लस-मायनस म्हणतात. सगळ्या पदार्थांना हे जसंच्या तसं लागू होतं असं नाही, पण बाकी कुठल्याही चित्रापेक्षा हे जास्त टिकलंय.

डोपिंगनेही हेच होतं, मग दाबाचा खटाटोप कशाला?

डोपिंग म्हणजे क्रिस्टलमध्ये परके अणू घुसवणं. कोबाल्ट घातला की इलेक्ट्रॉनची संख्या बदलते, रचना बदलते, शिवाय लोखंडाच्या थरातच खडे पडतात, म्हणजे तीन गोष्टी एकदम हलल्या आणि टीसी कशामुळे आला हे सांगता येत नाही. दाबाने अणू तेच राहतात, फक्त जवळ येतात. जवळ आले की इलेक्ट्रॉनना एकावरून दुसऱ्यावर उडी मारणं सोपं जातं, ते पसरतात आणि मोमेंट विरघळायला लागतो. शिवाय एकच सॅम्पल, तेच लीड्स (मोजायच्या तारा), आज २ गिगापास्कल, उद्या ३, दोन सॅम्पलमधल्या फरकाची भानगडच नाही.

मधला एक मार्गही आहे. आर्सेनिकच्या जागी फॉस्फरस घाला, तो आकाराने लहान पण इलेक्ट्रॉन तेवढेच, त्यामुळे जाळी आतूनच आवळली जाते. बेरियम १२२ मध्ये साधारण ३० टक्के फॉस्फरसवर टीसी ३० केल्विनच्या घरात जातो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी इलेक्ट्रॉन विलक्षण जड झाल्याच्या खुणा मिळतात, म्हणजे चुंबकत्व शून्य तापमानाला संपतंय ती जागा हीच. याला केमिकल प्रेशर म्हणतात. बाहेरचा दाब आणि हा दाब हुबेहूब सारखे नसतात, पण बऱ्यापैकी एकाच वाटेने जातात.

गिगापास्कल म्हणजे किती मोठा दाब? भलंमोठं मशीन लागत असेल ना?

१ गिगापास्कल म्हणजे साधारण १०,००० वातावरणं. समुद्राच्या सगळ्यात खोल जागी, मरियाना गर्तेत, साधारण ०.११ गिगापास्कल असतो. पण मशीन मोठं लागत नाही, जागा लहान करायची. अर्धा मिलिमीटर रुंदीच्या हिऱ्याच्या टोकावर १० गिगापास्कल आणायला जेमतेम २०० किलोच्या वजनाइतकं बल पुरतं, स्क्रू हाताने आवळून होतं ते काम. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये सॅम्पल दाबायचं हे उपकरण म्हणजे डायमंड अ‍ॅन्व्हिल सेल, तो मुठीत मावतो. २-३ गिगापास्कलपर्यंतच जायचं असेल तर पिस्टन-सिलिंडर सेल बरा, त्यात सॅम्पलला ऐसपैस जागा असते.

सेल भरतात कसा? इतकं काय अवघड असतं त्यात?

हा प्रश्न ज्याने सेल भरलाय तो विचारत नाही.

दोन हिऱ्यांच्या मध्ये धातूची पातळ चकती, तिला गॅस्केट म्हणायचं. आधी ती हिऱ्यांनीच दाबून घ्यायची, मग मधोमध केसापेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद भोक पाडायचं. त्या भोकात सगळा संसार: क्रिस्टलचा एक कपचा, दाब मोजायला रूबीचा कण, आणि दाब सगळीकडून सारखा पोचावा म्हणून द्रव. रेझिस्टन्स मोजायचा तर चार तारा सॅम्पलपर्यंत न्यायच्या, त्याही धातूच्या गॅस्केटला न चिकटता, म्हणून गॅस्केटवर अ‍ॅल्युमिनाची पूड इपॉक्सीत कालवून लेप द्यायचा. हे सगळं मायक्रोस्कोपखाली, श्वास रोखून. माझा एकदा चौथा लीड लागला, सेल मिटवला, पहिला स्क्रू पाव फेरा फिरवला आणि मीटरवर तिसरा लीड ओपन. तीन दिवस गेले. सेल उघडून बघितलं तर तार गॅस्केटच्या काठावर सुरीने कापावी तशी कापली गेली होती, तेव्हापासून काठ घासून गोल केल्याशिवाय मी पुढे जात नाही.

दाब रूबीच कसा सांगतो? रूबीवर लेझर टाकला की तो लाल चमकतो, त्या लाल उजेडाची एक रेघ साध्या दाबाला ६९४.२ नॅनोमीटरवर असते आणि दाब वाढेल तशी सरकते, दर गिगापास्कलला ०.३६ नॅनोमीटरच्या आसपास. थंड करताना सेल आकसतो आणि दाब बदलतो, म्हणून खोलीच्या तापमानाला घेतलेला आकडा ४ केल्विनला लावू नका, नवीन पोरं हमखास ही चूक करतात. पिस्टन-सिलिंडरमध्ये शिशाचा तुकडा ठेवतात, त्याचा टीसी साध्या दाबाला ७.२ केल्विन असतो आणि दाबाने किती उतरतो ते नीट माहीत आहे.

एकाच पदार्थासाठी दहा ठिकाणी दहा आकडे दिसतात, कोण खोटं बोलतंय?

बहुतेक वेळा कुणीच नाही, फरक दाबात नसतो, दाब कसा टाकला त्यात असतो. यासाठी कॅल्शियम १२२ ची गोष्ट सांगतो, मला या सगळ्या विषयातली ती सगळ्यात शिकवणारी वाटते.

कॅल्शियम आयर्न आर्सेनाइड साध्या दाबाला १७० केल्विनच्या आसपास चुंबकी होतो. २००८ मध्ये त्यावर पिस्टन-सिलिंडर सेलमध्ये जेमतेम अर्धा गिगापास्कल टाकला आणि १२ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी दिसली, इतक्या कमी दाबात, लोक खूश. पण हा पदार्थ विचित्र आहे. ०.३५ गिगापास्कलच्या आसपास तो थरांच्या आडव्या दिशेला नाही, उभ्या दिशेला एकदम बसतो, उंची साधारण १० टक्क्यांनी कमी होते, वरच्या आणि खालच्या थरातले आर्सेनिक एकमेकांना हात देतात आणि लोखंडाचा मोमेंट गायब होतो. याला कोलॅप्स्ड टेट्रागोनल म्हणतात. आता दाब पोचवणारं द्रव आधीच गोठलेलं असेल आणि आत बसलेला क्रिस्टल अचानक १० टक्के खाली बसला तर काय होणार? एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, क्रिस्टलमध्ये तऱ्हेतऱ्हेच्या अवस्थांची खिचडी.

पुढच्या वर्षी हेलियम वापरून तोच प्रयोग परत केला गेला, हेलियम मऊ, दाब जवळपास सगळीकडून सारखा, आणि सुपरकंडक्टिव्हिटी दिसलीच नाही. संक्रमणं मात्र धारदार झाली. पहिला प्रयोग चुकीचा नव्हता, जे दिसलं ते खरंच दिसलं होतं, फक्त ते सारख्या दाबाचं नव्हतं, बाजूबाजूने पिळल्याचं होतं. यातून दुसरीही गोष्ट कळते: कोलॅप्स्ड अवस्थेत मोमेंटच उरत नाही, वळवळही उरत नाही, आणि टीसीही येत नाही. वरचं मैदान आणि मुलं आठवा.

म्हणून कुठलाही दाबाचा ग्राफ बघताना मी आधी खाली बारीक अक्षरात द्रव कोणतं होतं ते वाचतो, मग वरचा टीसी.

आयर्न सेलेनाइडचं सगळे वेगळं प्रकरण का म्हणतात?

कारण तो वरच्या गोष्टीला सरळ उलटा जातो. साध्या दाबाला ९० केल्विनवर त्याची जाळी लांबट होते, नेमॅटिक होते, पण चुंबकत्व येतच नाही. आणि तरी ८ केल्विनच्या आसपास तो सुपरकंडक्टर होतो. २००८ मध्ये तैवानच्या गटाने हे दाखवलं तेव्हा वाटलं, बघा, चुंबकत्वाशिवायही जमतं.

मग दाब टाकला. १ गिगापास्कलच्या जवळ, जिथे इतर पदार्थांत चुंबकत्व मरायला लागतं, तिथे याच्यात ते जन्माला येतं. म्युऑन नावाचे सूक्ष्म कण सॅम्पलमध्ये सोडून केलेल्या प्रयोगांत ते स्पष्ट दिसलं. दाब वाढेल तसं नेमॅटिकचं तापमान उतरतं, चुंबकत्वाचं चढतं, २ गिगापास्कलच्या सुमाराला दोघं भेटतात, पुढे चुंबकत्व ४५ केल्विनच्या आसपासपर्यंत चढतं आणि मग उतरायला लागतं. टीसीही या काळात चढतो, चुंबकत्व सुरू होतं तिथे जरा अडखळतो, मग परत चढतो, दोघं हातात हात घालून, हे बघून डोकं चक्रावतं. आणि ६ गिगापास्कलच्या आसपास चुंबकत्व संपतं तिथे टीसी एकदम ३८ केल्विनवर. आणखी दाबत गेलं की रचनाच बदलते आणि सुपरकंडक्टिव्हिटी संपते.

यात एक साधी भौमितिक गोष्टही दडलीये. सेलेनियम किंवा आर्सेनिक लोखंडाच्या थरापासून किती उंच बसलाय त्यावर टीसी बराच अवलंबून असतो, १.३८ अँगस्ट्रॉमच्या (१ अँगस्ट्रॉम म्हणजे ०.१ नॅनोमीटर) आसपास सगळ्यात चांगला. आयर्न सेलेनाइडमध्ये तो जरा जास्त उंच असतो, दाबाने खाली येतो. पण नुसत्या उंचीने सगळं सुटतं असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, तो अडखळणारा टीसी उंचीने समजत नाही, त्याला चुंबकत्व लागतंच.

सेलच्या आत चुंबकत्व आहे हे कळतं कसं?

रेझिस्टन्सच्या रेघेत वाकडेपणा दिसला म्हणजे चुंबकत्व, असं धरून बरेच जण मोकळे होतात. तो इशारा आहे, पुरावा नाही, जाळी लांबट झाली तरी असाच वाकडेपणा येतो. न्यूट्रॉनला मोठं सॅम्पल लागतं, ते लहान सेलमध्ये मावत नाही. म्युऑन सॅम्पलमध्ये घुसून थांबतो आणि आजूबाजूच्या फील्डमध्ये भोवऱ्यासारखा फिरतो, त्यावरून मोमेंट किती आणि सॅम्पलचा किती हिस्सा चुंबकी आहे हे दोन्ही कळतं, हा दुसरा आकडा फार मोलाचा. लोखंड असल्यामुळे मॉसबाउअरही (लोखंडाच्या अणुकेंद्रांनी शोषलेल्या गॅमा किरणांवरून चुंबकत्व ओळखायची पद्धत) चालतो आणि तो हिऱ्याच्या सेलमध्येही करता येतो.

चुंबकत्व आणि सुपरकंडक्टिव्हिटी खरंच एकाच जागी नांदतात की सॅम्पलचे दोन तुकडे पडलेले असतात?

दोन्ही प्रकार आहेत. कोबाल्ट घातलेल्या बेरियम १२२ मध्ये टीसीच्या खाली गेलं की चुंबकी मोमेंट थोडा घटतो, वितळत नाही, घटतो. वेगवेगळ्या कोपऱ्यात राहणारे असते तर एकाने दुसऱ्याचा घास खाल्ला नसता, म्हणजे तेच इलेक्ट्रॉन दोघांना हवेत.

उलट टोकाला पोटॅशियम-आयर्न-सेलेनाइड. त्यात लोखंडाच्या काही जागा रिकाम्या असतात, मोमेंट ३ बोर मॅग्नेटॉनच्या वर आणि चुंबकत्व ५५० केल्विनपर्यंत टिकतं, आणि तरी ३० केल्विनच्या वर टीसी! सुरुवातीला चमत्कार वाटला. नंतर कळलं की चुंबकी भाग वेगळा, सुपरकंडक्टिंग भाग वेगळा, एकाच क्रिस्टलमध्ये बारीक पट्ट्या. यावर दाब टाकला की पहिली सुपरकंडक्टिव्हिटी १० गिगापास्कलच्या आसपास विझते आणि थोडं पुढे गेल्यावर दुसरी उगवते, ४८ केल्विनवर.

युरोपियम १२२ तर तिसऱ्याच तऱ्हेचा. त्यात लोखंडाचं चुंबकत्व दाबाने जातं पण युरोपियमचा ७ बोर मॅग्नेटॉनचा मोमेंट तसाच राहतो आणि २० केल्विनच्या आसपास रांग धरतो. साधारण ३० केल्विनला रेझिस्टन्स पडतो, आणि युरोपियम जागा झाला की मध्येच पुन्हा डोकं वर काढू शकतो.

फक्त धातूंतच होतं का हे?

नाही. बेरियम-आयर्न-सल्फाइडमध्ये लोखंडाचे थरच नाहीत, शिडीसारख्या साखळ्या आहेत आणि साध्या दाबाला तो इन्सुलेटर आहे. ११ गिगापास्कलच्या आसपास तो धातू होतो, चुंबकत्व जातं आणि सुपरकंडक्टिव्हिटी येते. २०१५ मध्ये हे दिसलं.

दाब काढला की सगळं परत पहिल्यासारखं?

सहसा हो, आणि तेच दुःख आहे. पण ह्यूस्टनमधल्या गटाने २०२१ मध्ये आयर्न सेलेनाइड थंडगार ठेवून दाब झटकन काढला आणि ३७ केल्विनपर्यंतचा टीसी साध्या दाबालाही टिकवून दाखवला. गरम केलं की मात्र तो जातो.

आणखी दाबलं तर रूम टेंपरेचर?

या कुटुंबात नाही, ५५-५६ केल्विनच्या वर बल्क (अतिपातळ थर नसलेला) पदार्थ गेलेला नाही. दाबाखाली २०० केल्विनच्या वर जातात ते हायड्रोजनवाले पदार्थ, त्यांना १५० गिगापास्कलच्या आसपास दाब लागतो आणि तिथे जोडी जुळवायचं काम जाळीच्या थरथरण्याने होतं, चुंबकत्वाचा त्यात हात नाही. दोन्हीची सरमिसळ करू नका.

साधं लोखंड, खिळ्यातलं, तेच दाबलं तर?

होतं! १३ गिगापास्कलच्या आसपास त्याची रचना बदलते आणि ओळखीचं चुंबकत्व निघून जातं. २००१ मध्ये ओसाकाच्या गटाने दाखवलं की १५ ते ३० गिगापास्कलच्या दरम्यान ते २ केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर असतं. म्हणजे होसोनोंच्या पदार्थाच्या कितीतरी आधी, पण कुणी त्याचा धागा पकडला नाही. यावरून मग पृथ्वीच्या गाभ्यातलं लोखंडही सुपरकंडक्टर आहे का असंही विचारतात. तिथे, आतल्या गाभ्यात, दाब ३०० गिगापास्कलच्या वर आणि तापमान ५,००० केल्विनच्या घरात, आणि हा प्रकार ३० गिगापास्कललाच आटोपतो, त्यामुळे नाही.